गाडामालकाचा फुटबॉल क्लब

शेठ पहिल्यांदा आमच्या मैदानावर आले तेव्हा मॅच चालू होती. पांढरा शर्ट, पांढरी पँट, कपाळाला पिवळाधमक भंडारा, पायात करकरणाऱ्या चपला. चुन्याची लाइन ओलांडून हा माणूस सरळ मैदानाच्या मधोमध चालत गेला. आमचा गोलकीपर किक मारता मारता थांबला. रेफ्री शिट्टी तोंडात धरून बघत राहिला. मी बाहेरून ओरडलो, "ओ पाव्हणं, मंगल कार्यालय पलीकडच्या गल्लीत आहे!" त्यांनी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. दोन्हीकडचे गोलपोस्ट न्याहाळले, चपलेच्या टोकाने माती उकरली आणि स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "जमीन बरी हाय. खडं तेवढं येचाया पायजेत."

पुढे ओळख वाढल्यावर कळलं की त्यांच्या लेखी यात वावगं काही नव्हतं. शेठ चाकणकडचे, पिढ्यान्‌पिढ्यांचे बैलगाडामालक. शर्यतीचे गाडे ज्या धावपट्टीवर पळतात तिला ते घाट म्हणतात, आणि गाडा पळवण्याआधी मालकाने घाट पायाखाली घालून बघायचा, ही त्यांच्याकडची रीतच. आमच्या मैदानावर त्या वेळी बावीस माणसं पळत होती, एवढाच काय तो फरक.

मी तेव्हा पिंपरीतल्या एका कंपनीत मशिन शॉपला होतो. तरुणपणी लेफ्ट बॅक खेळायचो, गुडघ्याने दगा दिल्यावर टीम सांभाळायला लागलो. स्वभाव चिडका. बायको म्हणते, तुम्हाला शिट्टी द्यायचीच गरज नाही, तुमचं तोंड पुरतं. ते खरंच आहे. आणि क्लब खऱ्या अर्थाने होता तो उस्तादचा. उस्तादचं कासारवाडीला गॅरेज. ट्रक, टेम्पो, कुणाची खटारा जीप, सगळं त्याच्या हाताखालून जायचं. आम्ही दोघं विशीत असताना त्याने हा क्लब काढला, अध्यक्ष म्हणून स्वतःचं नाव लावलं, आणि तेव्हापासून आम्ही लीगच्या अगदी तळातल्या गटात इमानेइतबारे खेळत होतो. वर कधी गेलो नाही. खाली जायला जागाच नव्हती. चेंडूत हवा भरायची ती गॅरेजच्या कॉम्प्रेसरने, त्यामुळे आमचा चेंडू नेहमी जरा जास्तच टणक असायचा आणि समोरच्या टीम कुरकुर करायच्या.

आमची टीम मी निवडायचो असं म्हणायला होतं. खरं तर ती शिफ्ट निवडायची. फर्स्टवाले दुपारी मोकळे, सेकंडवाले सकाळी मोकळे, आणि नाइटवाले मोकळे असले तरी उभ्या उभ्या पेंगायचे. मॅच असली की पोरं आपापसांत बदली करायची, म्हणजे तू माझी शिफ्ट कर, मी तुझी करतो. सुपरवायझर ओळखीचा असला तर तो काणाडोळा करायचा. एकदा तर आमचा सेंटर हाफ कंपनीतून निघाला तो सेफ्टी शूज घालूनच मैदानात उतरला. समोरच्या पोरांनी त्याच्या जवळ जायचंच टाळलं, आणि तो आयुष्यात खेळला नाही इतका चांगला खेळला. असले ते दिवस. आता लिहितानाही हसू येतं.

त्याच सुमाराला नऊ नंबर, म्हणजे पुढे नऊ नंबरची जर्सी घालून आमचे गोल मारणारा पोरगा, आमच्याकडे आला. लातूरकडचा, अंगाने काटकुळा, चाकणला एका कंपनीत कंत्राटी कामगार. गावाकडे आई आणि कॉलेजात जाणारी बहीण. मैदानाच्या कडेला दोन रविवार नुसता उभा होता. तिसऱ्या रविवारी मीच खेकसलो, "काय रे, तिकीट काढून आलायस का? उतर की!" तो उतरला, आणि अर्ध्या तासात उस्ताद माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "भाई, हे पोरगं आपल्याकडे चुकून आलंय." चेंडू त्याच्या पायाशी घरच्या मांजरासारखा राहायचा. अंगापिंडाने दुप्पट असलेले बॅक त्याच्यावर चालून जायचे आणि तो दोघांच्या मधून कसा निसटायचा ते त्यांनाही कळायचं नाही, मलाही नाही.

त्याला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, पर्मनंट नोकरी. आमच्या पट्ट्यात या शब्दाला काय वजन आहे ते बाहेरच्याला समजायचं नाही. इथे मुलगी बघायला गेलं की पहिला प्रश्न पोराच्या स्वभावाचा नसतो, पोरगा पर्मनंट आहे का, हा असतो. नऊ नंबरला दर काही महिन्यांनी कंपनी ब्रेक द्यायची, मग दुसरी कंपनी, दुसरा कंत्राटदार, दुसरा युनिफॉर्म. एकदा मला म्हणाला, "काका, गोल मारला की दोन मिनिटं सगळे माझं नाव घेतात. कंपनीत कुणाला माझं नाव माहीत नाही ओ. गेटपास बघून हाक मारतेत." मी तेव्हा त्याला वडापाव घेऊन दिला.

शेठ आमच्याकडे का आले, तर त्या वर्षांत बैलगाडा शर्यतींवर बंदी होती. त्यांच्या जमिनीवर कंपन्यांच्या शेड उभ्या राहिल्या होत्या, भाडी येत होती, लेबर पुरवण्याचं कंत्राट होतं, गोदामं होती. सगळं होतं, फक्त शौक बंद पडला होता. गोठ्यात बैल नुसते उभे. घाट ओस. कुणीतरी त्यांना मोबाइलवर दाखवलं की परदेशात पैसेवाली माणसं गावोगावचे छोटे फुटबॉल क्लब घेतात, त्यांना वर आणतात, आणि जगभर त्यांचं नाव होतं. शेठनी विचारलं, "आपल्याकडं असं बारकं क्लब कुठं मिळत्याल?" त्या माणसाने आमचं मैदान दाखवलं.

तर त्या पहिल्या दिवशी मॅच संपल्यावर शेठ गॅरेजवर आले आणि उस्तादला थेट म्हणाले, "क्लब द्यायचा का?"

उस्ताद गाडीखाली झोपला होता. तिथूनच म्हणाला, "क्लब विकायचा नसतो शेठ. चहा घ्या."

शेठनी चहा घेतला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले, पुन्हा चहा घेतला. असं बरेच दिवस चाललं. शेवटी ठरलं ते असं, की कागदोपत्री क्लब उस्तादचाच राहील, खर्च शेठ करतील, आणि लोकांनी शेठना मालक म्हणायचं. त्यांची तेवढीच अट होती. मी उस्तादला म्हणालो, "हा माणूस आपल्या डोक्यावर बसणार." उस्ताद म्हणाला, "बसू दे ना यार. पोरांना बूट तरी मिळतील."

बूट मिळालेच. त्याबरोबर आणखी काय काय मिळालं ते सांगायला हवं. प्रॅक्टिसच्या दिवशी दुधाचं कॅन यायचं, अंड्यांचे ट्रे यायचे, खारका आणि गूळ-शेंगदाणे यायचे. शर्यतीच्या बैलाला जसा खुराक लावतात तसा शेठनी अकरा जणांना खुराक लावला. पहिल्या आठवड्यात निम्म्या टीमचं पोट बिघडलं. मॅचला जायला गाडी आली ती बैल न्यायचा टेम्पो, धुऊन पुसून, तळाला भाताचा पेंढा अंथरून. पोरं आत धरून उभी राहायची. चाकणच्या ट्राफिकमध्ये टेम्पो अडकला की शेजारच्या एसी बसमधले कंपनीवाले आमच्याकडे टकामका बघायचे, आणि आमचा गोलकीपर मुद्दाम हंबरायचा. पेंढ्याचा तो वास मला आजही कुठे आला की मी क्षणभर थांबतो.

मग भोंगा आला. शेठनी घाटावरचा त्यांचा निवेदक आणला. हा गृहस्थ माइक हातात घेतला की थांबत नसे. आमची मॅच म्हणजे मैदानावर चाळीसएक माणसं, त्यात दहा जण शेजारच्या सोसायटीचे, फिरायला आलेले. आणि भोंग्यातून आवाज, "आता सुटतोय गाडा, नऊ नंबर सुटला, सुटला, भिर्रर्रर्र!" समोरचा बॅक दचकून बघायचा आणि नऊ नंबर पार व्हायचा. रेफ्रीने दोनदा ताकीद दिली. निवेदकाने ती ताकीदही माइकवरून जाहीर केली.

भंडाऱ्याचं तर विचारू नका. पहिल्याच मॅचला किकऑफच्या ऐन वेळी शेठच्या माणसांनी पाट्या भरून भंडारा उधळला. सगळं मैदान पिवळं. उस्तादची पांढरी दाढी पिवळी. तो हसत हसत खोकत होता. गोलकीपरच्या डोळ्यांत गेला आणि पहिल्या मिनिटाला आम्ही गोल खाल्ला. मी शेठसमोर जाऊन उभा राहिलो आणि जे तोंडाला आलं ते बोललो. शेठनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मंग सुटायच्या आधी उधळावा का?" तेव्हापासून भंडारा वॉर्मअपच्या आधी.

त्यांना ऑफसाइड शेवटपर्यंत समजला नाही. "पुढं गेला म्हणून धरला? पुढं जायालाच सोडलाय ना त्येला?" असं ते दर मॅचला विचारायचे, आणि मी दर मॅचला चिडायचो. पण एक गोष्ट त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. आम्ही हरलो की ते मैदानात यायचे, या वेळी मॅच संपल्यावर, आणि एकेका पोराच्या पाठीवरून हात फिरवायचे. मी त्या वेळी पोरांची सालटी काढण्याच्या तयारीत असायचो. शेठ मला म्हणाले, "भाऊ, हारल्यावर बैलाला मारायचं न्हाई. त्येला आधीच कळल्यालं असतंय." कंपनीत वीस वर्षं मी साहेबांच्या शिव्या खाल्ल्या होत्या. हरल्यावर पाठीवर हात कुणी ठेवला नव्हता.

नऊ नंबरवर त्यांचा जीव जडला. त्याला त्यांनी आपल्या गोदामात लावून घेतला, कायमची फर्स्ट शिफ्ट दिली, म्हणजे दुपारनंतर प्रॅक्टिसला मोकळा. चाकणच्या त्यांच्या चाळीत खोली दिली. बदल्यांची कटकट संपली. नऊ नंबर गोल करत सुटला आणि आम्ही, तळातली टीम, गटात वरती दिसायला लागलो. मग एका मॅचला एका सरकारी खात्याच्या टीमचे दोन साहेब आले. त्यांना खेळाडू कोट्यातून माणूस घ्यायचा होता. त्यांनी त्याला खेळताना बघितलं, नंतर बाजूला घेऊन बोलले, आणि जाताना मला सांगून गेले, "पोरगं पसंत आहे. मोसम संपला की लीगच्या समितीचा दाखला तेवढा द्या. पोरावर बंदी, कारवाई असलं काही झालेलं नको."

सरकारी नोकरी. पर्मनंट. नऊ नंबर त्या संध्याकाळी मैदानातच खाली बसला आणि दोन्ही हातांनी गवत उपटत राहिला. शेठनी पेढे वाटले. वाटता वाटता मला म्हणाले, "आपला बैल दुसऱ्याच्या दावणीला चालला." डोळे पुसले आणि आणखी एक पेढा माझ्या तोंडात कोंबला.

आणि मग शेठनी ती चूक केली, जी जगात फक्त एखादा गाडामालकच करू शकतो.

शेठच्या मुलीचं सासर राजगुरुनगरचं. व्याहीही गाडामालक. शेठनी क्लब घेतला हे बघून व्याह्यांनीही तिकडचा एक क्लब हाताशी धरला होता. तो दुसऱ्या गटात होता आणि बाद व्हायच्या बेतात. शेवटची मॅच जिंकली तरच टिकणार, आणि त्यांचा पुढे खेळणारा पोरगा तापाने पडलेला. व्याही शेठच्या ओसरीवर येऊन बसले आणि म्हणाले, "एका दुपारसाठी तुमचा नऊ नंबर द्या."

गाड्यांच्या दुनियेत हे नेहमीचंच. पाहुण्याच्या गावची यात्रा असली आणि त्याचा बैल आजारी पडला, तर आपला चांगल्यातला चांगला बैल त्याच्या गाड्याला जुंपायला द्यायचा. त्यात देणाऱ्याचाच मान. आणि व्याह्याला नाही म्हणायचं म्हणजे लेकीच्या घरी तोंड दाखवायला जागा नाही. शेठनी क्षणाचाही विचार न करता नऊ नंबरला बोलावलं आणि सांगितलं, "आज पाव्हण्यांकडनं खेळून ये."

नऊ नंबर तरी काय करणार? खोली त्यांची, काम त्यांचं. आणि त्याच्याही डोक्यात ते बदलीसारखंच होतं. कंपनीत एकाच्या जागी दुसरा शिफ्ट करतो, तसं. तापाने पडलेल्या पोराच्या नावावर, त्याची जर्सी घालून, तो राजगुरुनगरकडून उतरला.

मी त्या दिवशी सेकंड शिफ्टला. उस्ताद गॅरेजमध्ये एका ट्रकखाली. संध्याकाळी चहाच्या सुट्टीत मला नऊ नंबरचाच फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. "काका, दोन गोल मारले!"

"आज कुठली मॅच?"

"पाव्हण्यांकडनं ओ! शेठनी पाठवलं होतं."

मी चहा तसाच ठेवून बाहेर आलो. विचारलं, "कुणी ओळखलं तर नाही ना?"

"ओळखलं की! भोंगा होता ना आपला."

शेठनी निवेदकालाही पाठवलं होतं. आणि त्याने मॅच सुरू होताना साऱ्या मैदानाला, रेफ्रीला, समोरच्या टीमला, अभिमानाने सांगितलं होतं, "आज पाव्हण्यांच्या गाड्याला जुंपलाय पिंपरीच्या क्लबचा हुकमी नऊ नंबर, मालकांचे मनापासून आभार!" लपवायचं काही असतं हे त्यांच्यातल्या कुणाच्या मनाला शिवलंच नव्हतं. समोरच्या टीमने मॅच संपताच हरकत घेतली. दुसऱ्याच्या नावावर खेळणं म्हणजे लीगमधला सगळ्यात मोठा गुन्हा. खेळाडूवर दोन मोसमांची बंदी.

बंदी म्हणजे दाखला नाही, आणि दाखला नाही म्हणजे नोकरी गेली.

मी त्या रात्री जेवलो नाही. सकाळी शेठकडे जाऊन, त्यांच्याच ओसरीवर, घरातल्या बायामाणसांसमोर त्यांना बोललो. शेठ खाली मान घालून ऐकत होते. मी दमल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "बैल मागितला, बैल दिला. त्यात पोराचं काय चुकलं?" चूक पोराची नव्हती, हे तर मलाही दिसत होतं. नियमाला ते दिसत नव्हतं.

समितीने आठवडाभरात सुनावणीला बोलावलं. आम्ही चौघे गेलो, शेठ, उस्ताद, नऊ नंबर आणि मी. तिथल्या कारकुनाने बाहेरच समजावून सांगितलं. खेळाडू स्वतःच्या मनाने गेला असेल तर बंदी त्याच्यावर. क्लबने पाठवला असेल तर त्याला समज देऊन सोडतात, दाखला मिळतो, पण मग क्लब लीगमधून बाद, कायमचा. हरकतीनंतर ती मॅच समोरच्या टीमला दिली गेली, त्यामुळे राजगुरुनगरचा क्लब तर बाद झालाच होता.

आवारात कडुलिंबाचं झाड होतं. त्याखाली आम्ही उभे राहिलो. नऊ नंबर आधी बोलला. "मी सांगतो, मी माझ्या मनानं गेलो. उस्ताद, तुमचा जन्म गेला या क्लबात. माझं काय, कुठंतरी काम मिळंल."

"तू गप," शेठ म्हणाले. "बैलाला कुणी इचारतं का, कंच्या घाटात पळायचं? चूक मालकाची."

"मी बैल न्हाई, शेठ!" नऊ नंबर ओरडला. त्याचा चढलेला आवाज मी पहिल्यांदा ऐकला. मोटारसायकल लावणारा एक जण वळून बघायला लागला.

शेठ त्याच्या जवळ गेले. मग हळू म्हणाले, "न्हाईस रं बाबा. बैलाची एक बारी चुकली तर फुडच्या यात्रंला दुसरी असतीया. तुजी ही एकच हाय. म्हून तर म्हनतोय, तू गप."

उस्ताद हातातल्या फडक्याला बोटं पुसत होता. बोटं स्वच्छच होती.

आत अध्यक्षांच्या खुर्चीत एक म्हातारे गृहस्थ होते. एके काळी ते आमच्याविरुद्ध खेळलेले. त्यांनी विचारलं, "खेळाडूला कोणी पाठवलं?"

शेठ छाती पुढे काढून उभे राहिले. "म्या पाठवला."

"आपण क्लबचे कोण?"

"मालक."

"आमच्याकडे मालक असं पद नाही हो. तुमचं म्हणणं आम्हाला धरता येणार नाही. क्लबचे अध्यक्ष कोण?"

शेठ उभेच राहिले. दूध, बूट, टेम्पो, भोंगा, इतकं सगळं करून त्या खोलीत त्यांचं स्थान काहीच नव्हतं, आणि स्वतःच्या चुकीची शिक्षा मागायचाही त्यांना अधिकार नव्हता. त्यांचा चेहरा मला बघवला नाही.

उस्ताद उठला. "मी अध्यक्ष."

"तुम्ही पाठवलंत?"

"हो साहेब. मी पाठवला."

"नियम माहीत होता?"

"माहीत होता."

त्या दुपारी उस्ताद ट्रकखाली होता हे मला माहीत होतं. उभ्या आयुष्यात मी त्याला खोटं बोलताना पाहिलं नव्हतं. गिऱ्हाइकाला पार्ट जुना बसवला तर जुना सांगणारा माणूस. अध्यक्षांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "आपली ओळख जुनी आहे. विचार करून सांगा. तुमचा क्लब राहणार नाही."

"विचार केला, साहेब," उस्ताद म्हणाला.

नऊ नंबर भिंतीला टेकून रडत होता. मी मात्र रडलो नाही. मला राग आला होता, पण कुणावर धरावा ते सापडत नव्हतं, आणि असं माझं सहसा होत नाही.

त्याला दाखला मिळाला, नोकरीही मिळाली. ट्रेनिंगला निघाला त्या दिवशी आम्ही पिंपरी स्टेशनवर गेलो. शेठनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. उस्तादने कॉम्प्रेसरची हवा भरलेला एक चेंडू दिला. बॅगेत मावेना म्हणून त्याने तो काखेत धरला आणि तसाच गाडीत चढला.

पुढचा रविवार आला. मॅच नव्हती, प्रॅक्टिस नव्हती, पोरं कधीच दुसऱ्या क्लबांकडे पांगली होती. मी घरात बसून बायकोवर खेकसत होतो. शेवटी ती म्हणाली, "जा हो मैदानावर, मला स्वयंपाक करू द्या." मी गेलो, तर उस्ताद आधीच तिथे. तो चेंडू माझ्याकडे ढकलायचा, मी त्याच्याकडे. दोन म्हातारे, दुखरे गुडघे, रिकामं मैदान. उन्हं चढत होती.

शेठची गाडी येऊन थांबली. शेठ उतरले, लाइनीपर्यंत आले आणि तिथेच थांबले. आत आले नाहीत. उस्तादला म्हणाले, "दुसरा क्लब काढू. नव्या नावानं. तुमी नुसतं व्हय म्हना."

उस्ताद म्हणाला, "नको शेठ. एक काढला, तो झाला. आता दुसरा काढायचं वय नाही."

शेठनी मान हलवली. मग वाकून चपला काढल्या, लाइनीबाहेर जोडीने नीट ठेवल्या आणि अनवाणी आत आले.

"मला येक डाव मारून बघू द्या," ते म्हणाले. "एवढी वर्सं नुसता बघतोय. मालकानं गाड्याम्होरं पळायचं नसतंय. आता म्या मालक न्हाई. मंग खेळाया काय हरकत हाय?"

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. या माणसाने आजवर एकदाही चेंडूला पाय लावला नव्हता, हे त्या क्षणापर्यंत आमच्या ध्यानातच आलं नव्हतं. उस्तादने चेंडू हळूच त्यांच्याकडे ढकलला. शेठनी अंगठ्याने लाथ घातली, चेंडू भलतीकडे गेला आणि शेठ एका पायावर नाचत "आई गं" म्हणून ओरडले.

"अंगठ्याने नाही शेठ," उस्ताद म्हणाला. "पायाच्या आतल्या बाजूने. असं. सावकाश."

त्याने चेंडू आणून पुन्हा त्यांच्या पायाशी ठेवला. शेठनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, पाय वाकडा धरला, दोनदा नुसतीच हवेत लाथ मारून बघितली आणि मग मारला. चेंडू सरळ गेला. माझ्याकडेच आला. मी तो पायाखाली थांबवला आणि मला एकदम रडू फुटलं. सुनावणीला फुटलं नव्हतं, स्टेशनवर फुटलं नव्हतं, ते तिथे, त्या रिकाम्या मैदानात फुटलं. माझा क्लब गेला होता आणि तो घालवणारा माणूस पोरासारखा खूश होऊन माझ्यासमोर अनवाणी उभा होता.

"भाऊ, द्या की हिकडं!" शेठ ओरडले.

मी दिला.